टोलनाक्यापलीकडचे रान

सप्टेंबर २०२४ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीच्या टोलनाक्याजवळ भल्या पहाटे एक बिबट्या सीसीटीव्हीत दिसला आणि बंगळुरूभर खळबळ उडाली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाशेजारी राहणाऱ्याला त्याचे फारसे नवल वाटणार नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीजवळच्या बन्नेरघट्टाच्या रानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला १९७४ मध्ये; कोनप्पन अग्रहाराच्या माळावर इलेक्ट्रॉनिक सिटीची आखणी सुरू झाली त्यानंतर चार वर्षांनी. रान आधीचे, कंपन्या नंतरच्या.

इथल्या आयटी कंपन्यांत मराठी मुले-मुली पुष्कळ. जोडून सुट्टी आली की ती बंदीपूर, काबिनी गाठतात. जरूर जावे, पण जिगणीमार्गे तासाभरात पोहोचता येईल असे बन्नेरघट्टा आधी पाहावे.

पर्यटकाला दिसतो तो जैविक उद्यानाचा भाग. जाळीच्या खिडक्यांची बस एकामागून एक दारे ओलांडत वाघ, सिंह, अस्वलांच्या कुंपणबंद आवारांतून फिरते. शेजारी प्राणिसंग्रहालय आणि फुलपाखरू उद्यान. मला मात्र सर्वांत मोलाचे वाटते ते इथले अस्वलांचे बचाव केंद्र. पिल्लाच्या नाकाडाला तापल्या सळईने भोक पाडायचे, त्यातून दोरी ओवायची आणि ती ओढून त्याला गावोगाव नाचवायचे, हा प्रकार आपल्याकडेही एका पिढीने पाहिला आहे. अशी सोडवून आणलेली अस्वले इथे सांभाळली जातात. देशातले शेवटचे नाचवले जाणारे अस्वल मानला गेलेला राजू २००९च्या डिसेंबरात इथेच आला. अस्वले नाचवणाऱ्या कलंदर समाजातल्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देणे हाही अस्वले सोडवण्याच्या या मोहिमेचा भाग होता, हे विसरू नये.

कुंपणापलीकडचे खरे राष्ट्रीय उद्यान सुमारे २६० चौरस किलोमीटरचे. दक्षिणेकडे ते कावेरीच्या खोऱ्यातल्या जंगलांना जोडलेले आहे आणि हत्ती त्याच वाटेने येतात-जातात. नाचणी कापणीला आली की आनेकल भागातल्या शेतकऱ्याला रात्र जागून काढावी लागते. असे असताना उद्यानाभोवतीचा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्टा २०२०च्या अधिसूचनेत आधीच्या मसुद्यातल्या सुमारे २६९ चौरस किलोमीटरवरून सुमारे १६९वर आणला गेला. हा निर्णय चुकीचाच होता, असे माझे मत आहे. तिकडे घर किंवा भूखंड घेणाऱ्या मराठी मंडळींनी व्यवहाराआधी या पट्ट्याचा नकाशा पाहावाच.

आणि जायचेच ठरवलेत, तर मंगळवार टाळा; त्या दिवशी जैविक उद्यान बंद असते.