लॅपटॉप हँग होतोय? रॅमसाठी ग्रँट रोडचं तिकीट काढण्याआधी हे वाचा

लॅपटॉपचं बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा पिऊन झाला तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतंच आहे. लॉकडाऊनमध्ये मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी ४ जीबी रॅमचा लॅपटॉप घेतलेल्या बऱ्याच घरांत सध्या हेच चाललंय. मग कुणीतरी सल्ला देतं, "रॅम वाढव, पळायला लागेल."

वसई-विरारकरांचा पुढचा टप्पा ठरलेला असतो. एकतर स्टेशनजवळचं रिपेअरिंगचं दुकान, नाहीतर चर्चगेट लोकल पकडून ग्रँट रोड आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायला जाणारा प्रत्येक जण लॅमिंग्टन रोडच म्हणतो. विरारहून जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो. घरी आल्यावर रॅम बसलीच नाही, तर दुसरी फेरी आलीच.

म्हणून निघण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं घरीच शोधा. रॅम खरंच कमी पडतेय का? ती वाढवता येते का? आणि नेमकी कोणती लागेल?

रॅम म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा

तुमच्या फाइल्स, फोटो, सॉफ्टवेअर हे सगळं हार्ड डिस्क किंवा एसएसडीवर साठवलेलं असतं. ते झालं फडताळ. रॅम म्हणजे ओटा. ज्या वस्तूवर आत्ता काम चाललंय, तीच तिथे असते. ओटा लहान असेल तर एक भांडं फडताळात ठेवून दुसरं काढावं लागतं. लॅपटॉपही तेच करतो. रॅम भरली की तो डिस्कचाच थोडा भाग रॅमसारखा वापरतो. डिस्क रॅमपेक्षा खूप हळू असते, त्यामुळे सगळं अडखळतं.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा

रोजची कामं उघडी ठेवा, म्हणजे क्रोमचे टॅब, एक्सेल, मीटिंग वगैरे. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये जा.

'मेमरी' सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम कमी पडतेय. पण मेमरी निम्मीच भरलेली आणि 'डिस्क' मात्र १०० टक्क्यांवर अडकलेली असेल, तर दोष बहुधा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. अशा वेळी रॅमवर पैसे घालून फारसा फरक पडणार नाही. तेच पैसे एसएसडीवर घाला, लॅपटॉप सुरू होण्यातच फरक दिसेल.

आणखी एक तपासणी. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम'खाली 'अबाउट' उघडा. तिथे विंडोज ३२ बिटचं दिसलं, तर ते ४ जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही. आधी ६४ बिटचं विंडोज टाकावं लागेल.

वाढवता येते का?

बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅमच्या चिप्स मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेल्या असतात. २०२० च्या एम१ पासून पुढच्या मॅकबुकमध्ये तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये असते, ती नंतर वाढवता येत नाही.

टास्क मॅनेजरच्या 'मेमरी' पानावर 'फॉर्म फॅक्टर' बघा. तिथे 'एसओडिम' असेल तर रॅम काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती बहुधा डाग दिलेली आहे. शेजारच्या 'स्लॉट्स यूज्ड'वरून जागा किती ते कळतं, पण हा आकडा कधीकधी फसवा असतो. खात्रीसाठी कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलची माहिती बघा. जास्तीत जास्त किती जीबी चालते, तेही तिथेच मिळेल.

कोणती घ्यायची?

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पिढ्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिना, डीडीआर४ला २६० आणि डीडीआर५ला २६२. मधली खाचही वेगळ्या जागी असते. त्यामुळे पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका. डेस्कटॉपची रॅम साधारण दुप्पट लांब असते, तीही चालणार नाही.

डीडीआर३ मध्ये एक मेख आहे. काही लॅपटॉपना १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३एल लागते. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ त्यांत चालत नाही.

दोन वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या लावल्या तर दोन्ही कमी वेगानं चालतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४-४ जीबीची जोडी जास्त चांगली चालते.

भाव का चढले?

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर झपाट्यानं वाढले. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते, आणि चिप बनवणाऱ्या कंपन्या आधी त्यांची मागणी पुरवतायत. मायक्रॉननं तर ३ डिसेंबर २०२५ ला 'क्रुशल' या ब्रँडखालचा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणूनच आता चुकीची पट्टी घेणं परवडणारं नाही. पक्कं बिल घ्या, बसली नाही तर बदलून मिळेल का ते आधीच विचारा. जुनी पट्टी घेत असाल तर विंडोजमधलं 'मेमरी डायग्नोस्टिक' चालवून बघा.

विंडोज ११ चं काय?

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण नुसती रॅम वाढवून विंडोज ११ मिळत नाही. त्याला टीपीएम २.० आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर किंवा त्या तोडीचा एएमडी लागतो. तुमचा प्रोसेसर त्यात बसत नसेल, तर खर्च करण्याआधी दोनदा विचार करा.

बसवताना

लॅपटॉप स्लीपवर न ठेवता पूर्ण बंद करा. चार्जर काढा, बॅटरीची जोडणीही सोडवा. अंगातली स्थिर वीज उतरवायला आधी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावा. पट्टी कडेनं धरून तिरकी घाला आणि दोन्ही बाजूंच्या क्लिप 'टक्' होईपर्यंत खाली दाबा. स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका, बहुतेक वेळा पट्टी नीट बसलेली नसते. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू व्हायला मिनिटभर किंवा जास्तही लागू शकतं. वॉरंटी चालू असेल, तर मात्र लॅपटॉप उघडण्याआधी तिच्या अटी वाचा.

आणि शेवटचं. 'मेमरी' पानाचा स्क्रीनशॉट आणि आतल्या पट्टीवरच्या लेबलचा फोटो काढा. लेबलवर पीसी३एल, पीसी४ किंवा पीसी५ असं काहीतरी लिहिलेलं असेल. दोन्ही फोटो दुकानदाराला व्हॉट्सॲप करा, भाव आणि माल आहे का ते विचारा, आणि मगच लोकल पकडा. कदाचित तीच पट्टी तुमच्या स्टेशनबाहेरच्या दुकानातही मिळून जाईल.