परभणी ते सीएसएमटी : साडेसहा कोटी वर्षं

मुंबईला गेलेला परभणीकर गेटवे ऑफ इंडियापुढे फोटो काढतोच. उंची २६ मीटर, पायाभरणी १९१३, उद्घाटन १९२४, खर्च सुमारे २१ लाख रुपये. पण ती कमान ज्या पिवळसर बसाल्टची, त्याचं गणगोत परभणीत पायाखालीच आहे. चारठाण्याची यादवकालीन मंदिरं, वेरूळचं कैलास लेणं, आपली कापसाची काळी माती, सगळं त्या एकाच लाव्ह्याच्या घरचं.

हा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर चढत आला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. अख्खा महाराष्ट्र ३ लाख ८ हजारांचा. कैलास कोरताना दोन लाख टन दगड काढला असावा, असा अंदाज सांगतात. थराची सरासरी जाडी एकच किलोमीटर धरा (सह्याद्रीत ती त्याहून बरीच जास्त आहे), तरी त्यात तेवढा दगड सातशे कोटी वेळा बसतो. जगात माणसं आठशे कोटींवर. जवळपास माणशी एक कैलास!

आता काळ मोजू. परभणी-सीएसएमटी रेल्वेमार्ग साधारण ५५० किलोमीटर. परभणीच्या फलाटावर लाव्हा, सीएसएमटीला आजचा दिवस. म्हणजे एका किलोमीटरला १ लाख २० हजार वर्षं, एका मीटरला १२०.

डायनोसॉर परभणीच्या फलाटावरच राहिले. जालना सुटल्यावर भारताचा भूखंड आशियाला धडकतो, हिमालय डोकं वर काढू लागतो. संभाजीनगर गेलं, मनमाड गेलं, नाशिक गेलं, कसारा घाट उतरला, तरी माणसाचा पत्ता नाही. भायखळा मागे पडल्यावर, शेवटचे अडीच किलोमीटर उरले असताना, आपली जात अवतरते.

अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी शेवटच्या १८ मीटरवर; रेल्वेचा एक डबा याहून लांब असतो. कैलास साडेदहा मीटरवर, चारठाणा साडेसहाच्या आसपास. आणि गेटवे? जेमतेम ८५ सेंटिमीटर.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण हसत हसत म्हणतो. मुंबईचं तिकीट काढण्याआधी एकदा जिंतूरची एसटी धरा आणि चारठाणा बघून या.