विश्रांतीत विरळ हवा?
हँडबॉलचा सामना ६० मिनिटांचा: धाव, झेप, धक्का, पुन्हा धाव. दोन धावांमधल्या विश्रांतीत खेळाडूला मुद्दाम कमी प्राणवायूची हवा (हायपॉक्सिया) देण्याचे प्रयोग होतात. तेवढ्या मिनिटांत रक्त मात्र बदलत नाही. मूत्रपिंडांतून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढून तांबड्या पेशी वाढायला २,०००–२,५०० मीटर उंचीवर काही आठवडे राहावं लागतं. आपल्याकडच्या राळेगणसिद्धीचं पठार त्या उंचीच्या जवळपासही नाही. त्याच जिल्ह्याच्या सीमेवरचं कळसूबाई शिखरसुद्धा १,६४६ मीटरच! उंचीवर प्राणवायूचा वाटा सुमारे २१ टक्केच राहतो, घटतो तो हवेचा दाब. अशा विरळ हवेत झोप बिघडते, थकवा रेंगाळतो. अंगात लोह कमी असेल तर फायदाही तुटपुंजा. म्हणून विरळ हवा देणाऱ्या महागड्या यंत्राआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा) तपासावं, असं आम्हाला वाटतं.