लोहासाठी झुंज : शेळी आणि जंतू

धाराशिव जिल्ह्यातील उस्मानाबादी शेळीच्या रक्तात लोह विपुल असते. परंतु जंतूंना ते सहजासहजी लाभत नाही. बहुतेक लोह तांबड्या पेशींत बंदिस्त असते, आणि रक्तद्रवातील अल्पसे लोह ट्रान्सफेरिन हे प्रथिन घट्ट धरून ठेवते. अंड्याच्या पांढऱ्या बलकाने खुंटलेली जंतूंची वाढ लोह मिसळताच पुन्हा सुरू होते, असे शेड व कॅरोलाइन यांना १९४४ मध्ये आढळले. रक्तद्रवातील असेच प्रथिन त्यांनी १९४६ मध्ये दाखविले.

अनेक जंतू लोह ओढून घेणारी द्रव्ये बाहेर सोडतात. शेळ्यामेंढ्यांना फुफ्फुसदाह करणारा मॅनहायमिया हीमोलिटिका मात्र थेट ट्रान्सफेरिनलाच जाऊन भिडतो. तेही केवळ रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या. माणसाचे ट्रान्सफेरिन त्याच्या उपयोगाचे नाही!

संसर्ग होताच यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक अधिक स्रवते व रक्तद्रवातील लोह घटते. ही उणीव नसून संरक्षण होय. अशा तापलेल्या जनावरास लोहाचे इंजेक्शन देणे जंतूंच्याच पथ्यावर पडू शकते. याउलट, जठरात रक्त शोषणाऱ्या हिमॉन्कस कृमींमुळे लोह खरोखरच शरीराबाहेर जाते. म्हणून पापणीची आतली बाजू फिकी दिसली, तरी आधी ताप पाहावा व लेंड्या तपासून घ्याव्यात.