लाल ठिपका आणि थरथरता हात : पिस्तुलावरची रेड डॉट साइट कुणी घ्यावी, कशी शिकावी

(देगलूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी माझ्याकडे आलाय. "सर, लेकराला नेमबाजीचा नाद लागलाय. पिस्तुलावर ती लाल ठिपक्याची दुर्बीण बसवून दिली तर लवकर शिकेल का?" उत्तर आधीच सांगून टाकतो, कारणं मागाहून. लेकराला स्पर्धेत उतरायचं असेल तर घेऊ नका. आणि चाळिशी लागलेल्या बापालाच हौस म्हणून छर्रे मारायचे असतील तर घ्या, पण पारखून घ्या.

पहिली गोष्ट, ती दुर्बीण नव्हेच. तिच्यातून काही मोठं दिसत नाही, जवळ येत नाही. आत एक बारीक एलईडी असतो. त्याचा लाल प्रकाश समोरच्या काचेवर पडतो. त्या काचेवर असा लेप असतो की लाल रंग परत डोळ्याकडे येतो आणि बाकीचा उजेड आरपार जातो. काचेचा आकार असा घडवलेला असतो की परतणारे किरण समांतर होऊन येतात. त्यामुळे ठिपका काचेवर चिकटलेला वाटत नाही, दूर टार्गेटवर ठेवल्यासारखा वाटतो. कल्पना जुनी आहे. १९०० साली डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब या दुर्बिणी बनवणाऱ्या माणसाने ती मांडली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांत ती वापरली गेली. एलईडीवाली साइट १९७५ च्या सुमारास स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने बाजारात आणली. ती लहान होत होत पिस्तुलावर बसू लागली, हे अलीकडचं.

आता लेकराला 'नको' का म्हणालो ते सांगतो. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मिळवलं आणि राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी घराघरांत पोचलं. आपल्याकडेही तेव्हापासून चौकशा वाढल्या. पण स्वप्नीलची रायफल. पिस्तुलाचं उदाहरण हवं तर कोल्हापूरचीच राही सरनोबत बघा. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात थायलंडच्या खेळाडूशी ३४-३४ अशी बरोबरी झाली, मग शूट-ऑफ, आणि सुवर्ण राहीला. आशियाई स्पर्धेत भारतीय महिला नेमबाजाचं ते पहिलं सुवर्ण. आणि तिच्या पिस्तुलावर काय होतं? मागे एक खाच, पुढे एक पट्टी. बस्स. कारण आयएसएसएफ या जागतिक संघटनेच्या पिस्तूल प्रकारांत उघड्या साइटच चालतात. आरसा, भिंग, लेसर, विजेवरचा ठिपका, सगळं बाद. आपल्या जिल्ह्यातून राज्याला, राज्यातून राष्ट्रीयला जायचं ते याच नियमांच्या वाटेने. मग पहिली दोन वर्षं ठिपक्यावर घालवून तिसऱ्या वर्षी खाच-पट्टी शिकायला बसवणं म्हणजे लेकराला दोनदा पहिलीत घालणं आहे.

खाच-पट्टी अवघड का, ते जरा नीट समजून घेऊ. कारण ठिपक्याचं सगळं मोल त्यातच आहे.

उघड्या साइटमध्ये डोळ्याला तीन गोष्टी जुळवायच्या असतात : मागची खाच, पुढची पट्टी आणि १० मीटरवरचं काळं वर्तुळ. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो. स्पष्ट दिसायला हवी ती पुढची पट्टी, वर्तुळ पुसट दिसलं तरी चालतं. हे नवशिक्याला पटतच नाही, तो टार्गेटकडेच बघतो. आता हिशेब करा. दोन साइटमधलं अंतर ३२ सेंटिमीटर धरा. पट्टी खाचेत १ मिलिमीटर बाजूला राहिली, तर १० मीटरवर छर्रा ३१ मिलिमीटर बाजूला जातो. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, आणि पुढचं एकेक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर. म्हणजे दहा हुकून थेट सातवर. पण पट्टी खाचेत बरोबर आहे आणि सगळा हातच १ मिलिमीटर सरकला, तर छर्राही १ मिलिमीटरच सरकतो. हात हलणं माफ आहे, साइट तिरपी होणं माफ नाही.

ठिपका ही जुळवाजुळव काढून टाकतो. डोळा टार्गेटवर ठेवायचा, ठिपका आपोआप तिथे दिसतो. वाचायला चष्मा लागणाऱ्या माणसाला पुढची पट्टी धुरकट दिसते, त्याच्यासाठी हे वरदान आहे. मी ते नाकारत नाही.

पण ठिपका एक नवं दुखणंही आणतो. उघड्या साइटमध्ये हाताची थरथर फारशी जाणवत नाही. ठिपका ती थरथर टार्गेटवर नाचून दाखवतो. माणूस घाबरतो. ठिपका मधोमध आला रे आला की झटक्याने चाप ओढतो. उजव्या हाताच्या माणसाचा असा छर्रा बहुतेक वेळा खाली डावीकडे जातो. थरथर तर राहीच्या हातालाही असते, तुमच्या आमच्या हाताला असणारच. ठिपका काळ्यात फिरत असताना, त्याचं फिरणं कबूल करून, चाप हळूहळू दाबत राहायचा. गोळी कोणत्या क्षणी सुटली हे आपल्याला नीटसं कळू नये, इतका हळू. एअर पिस्तुलाच्या चापाला स्पर्धेत किमान ५०० ग्रॅम वजन लागतं. अर्धा किलो साखरेची पुडी बोटाने उचलताय असं समजा, फक्त झटका न देता.

आता घेणाऱ्यांसाठी. दुकानदार आधी विचारतो, "किती एमओए?" हा ठिपक्याचा आकार. १ एमओए म्हणजे १० मीटरवर सुमारे २.९ मिलिमीटर. तीनचा ठिपका १० मीटरवर ९ मिलिमीटर झाकतो, म्हणजे दहाच्या वर्तुळाहून थोडा लहान. सहाचा साडेसतरा मिलिमीटर, दहा पूर्ण गिळून वर उरतो. निवांत टार्गेटला दोन-तीनचा घ्या. मोठा ठिपका लवकर सापडतो, पण ती घाई आपल्याला नाही.

जाहिरातीत 'पॅरालॅक्स फ्री' असं लिहिलेलं असतं. ठिपका काचेच्या कोपऱ्यात दिसला तरी नेम तोच, असा त्याचा दावा. लांबच्या टार्गेटला हे चालून जातं. १० मीटरवर नाही. डोळा ५ मिलिमीटर बाजूला गेला तर छर्राही जवळपास तेवढाच चुकू शकतो, आणि दहाचं वर्तुळच मुळी साडेअकराचं. तेव्हा ठिपका काचेच्या मधोमध ठेवायची सवय लावा.

बसवायची पट्टी बघून घ्या. बऱ्याच एअर पिस्तुलांवर ११ मिलिमीटरची खाच असते आणि साइटचा तळ असतो २१ मिलिमीटरच्या रुंद रेलसाठी. सामान घरी येतं आणि बसतच नाही. स्प्रिंगवाल्या पिस्तुलाचा धक्का मागेही बसतो आणि पुढेही, स्वस्तातली साइट त्यात खिळखिळी होते. आपल्याकडची धूळ बघता एलईडी काचेआड बंद असलेला प्रकार बरा.

आणि विकत घेण्याआधी डोळा तपासा. ठिपका गोल न दिसता फुलबाजीसारखा फुटलेला दिसला तर साइट डोळ्यासमोर हळूहळू फिरवा. फुटलेपणा साइटबरोबर फिरला तर दोष साइटचा. फिरला नाही तर तुमच्या डोळ्याचा, बहुधा ॲस्टिग्मॅटिझम. मग आधी चष्म्याच्या डॉक्टरांकडे जा.

शिकायची सुरुवात छर्र्याशिवाय करा. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा, छर्रे दुसऱ्या खोलीत ठेवा, तोंड पक्क्या भिंतीकडे. दोन्ही डोळे उघडे. नजर भिंतीवरच्या एका खुणेवर, मग हात वर. ठिपका दिसला नाही तर मनगट हलवून शोधू नका. हात खाली घ्या, पकड तपासा, पुन्हा उचला. चाप सुटताना ठिपका उडाला की बोट चुकलं. एक धोक्याची सूचना : स्प्रिंगचं पिस्तूल छर्र्याशिवाय चालवू नका, आतला पिस्टन आपटून खराब होतो. स्पर्धेच्या अनेक एअर पिस्तुलांत कोऱ्या सरावाची वेगळी सोय असते, ती वापरा.

मग रेंजवर साइट झीरो करायची. पाच छर्रे एकाच जागी नेम धरून मारा, पाचांचा मध्य काढा, त्यावरून स्क्रू फिरवा. एकेका छर्र्यामागे स्क्रू फिरवणारा माणूस संध्याकाळपर्यंत फिरवतच राहतो.

श्रोत्यांतून प्रश्न : परवाना लागतो का?
पॉइंट १७७ म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन जा. २५ मीटरचं पॉइंट टू-टू पिस्तूल मात्र बंदुकीतच मोडतं, त्याला परवाना हवाच. आणि गच्चीवरून कबुतरांवर नेम धरणारे कुणी इथे असतील तर त्यांनी हे व्याख्यान ऐकलंच नाही असं समजावं.

मागच्या रांगेतल्या ताईंचा प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. मग तिच्यासाठी सुरुवात कुठून करू?
ताई, आधी काहीच विकत घेऊ नका. पुण्याला बालेवाडी आहे, मुंबईला वरळी आहे, आणि देगलूरहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. एशा सिंग तिथलीच, २५ मीटर पिस्तूलवालीच. सुट्टीत आठ-पंधरा दिवस रेंजवरच्या पिस्तुलाने, उघड्या साइटवर मारू द्या. घरी आल्यावर रोज पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली हात सरळ धरून उचलायची, दहा सेकंद धरायची, खाली. असं वीस वेळा. महिनाभर हे कंटाळा न करता केलं, तर पिस्तुलाचं बोलायला परत या.