जुनी शिलाई मशीन घेताय? आधी टीप मारून पाहा, मग नाव वाचा

शाळा उघडायला दोन-तीन महिने उरले की सोलापुरात गणवेशाच्या कामाला वेग येतो. चादर आणि टॉवेलसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराची शालेय गणवेशाची बाजारपेठ म्हणूनही देशभर ओळख झाली आहे. कारखान्यांत मिनिटाला चार-पाच हजार टाके घालणाऱ्या ‘जुकी’सारख्या मशीन चालतात. मात्र घरी बसून नगावर काम करणाऱ्या किंवा ब्लाऊज-फॉलपासून सुरुवात करणाऱ्या महिलेची पहिली मशीन अनेकदा जुनीच असते. काळी, सोनेरी वेलबुट्टीची, बिडाच्या स्टँडवरची. ती चांगली निघाली तर पुढची वीस वर्षे चिंता नाही. वाईट निघाली तर ऐन हंगामात दोरा तुटत राहतो आणि शिवलेला माल परत येतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी काय तपासायचे, ते समजून घेऊ.

इतकी जुनी मशीन खरेच चालते का?

चालते. आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत शिलाई मशीनचे पेटंट घेतले आणि एकोणिसाव्या शतकातच सिंगरच्या मशीन भारतात येऊ लागल्या. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक येथे कंपनीचा प्रचंड कारखाना होता, तो १९८० मध्ये बंद पडला. १९३० च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ सुरू झाली, पुढे लुधियाना हे मशीन आणि सुट्या भागांचे मोठे केंद्र बनले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या शिलाई मशीनचा उपयुक्त अपवाद म्हणून उल्लेख केला होता.

या मशीनचे अंग बिडाचे आणि आतले दांडे पोलादाचे असतात. सर्किट नाही, प्लास्टिकची चाके नाहीत. तेल मिळत राहिले तर झीज फार कमी होते. पायमशीनला वीजही लागत नाही. दिवे गेले तरी काम थांबत नाही.

कोणती मशीन निवडावी?

रोज काम करायचे असेल तर मशीन किती जुनी यापेक्षा तिचे सुटे भाग जवळच्या दुकानात मिळतात का, हे महत्त्वाचे. सिंगरची ‘१५’ क्रमांकाची रचना जगभर उचलली गेली. आधी जपानने, मग भारतातल्या कारखान्यांनी त्याच धर्तीवर मशीन बनवल्या. तिची खूण सोपी आहे. डाव्या बाजूची सरकती पट्टी उघडली की गोल बॉबिन आणि बाहेर निघणारी बॉबिन केस दिसते. तिची बॉबिन, केस, शटल, दात, सुई असे बहुतेक सगळे भाग साध्या दुकानातही मिळतात.

त्याहून जुन्या काही मशीनमध्ये होडीच्या आकाराचे शटल आणि त्यात लांब, बारीक बॉबिन असते. त्या दिसायला देखण्या असतात, टाकाही सुबक घालतात. पण शटल हरवले किंवा घासले गेले तर नवे शोधताना दमछाक होते. हौसेसाठी, आजीची आठवण म्हणून ती जरूर घ्यावी. पोटापाण्यासाठी घ्यायची असेल तर मशीनचा फोटो आधी दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीला दाखवावा.

पैसे देण्याआधी काय तपासावे?

घरून चार गोष्टी न्याव्यात. १६ नंबरची नवी सुई, दोन रंगांचे दोरे, सुती कापडाचा तुकडा आणि टॉवेल किंवा जीनचा जाड तुकडा.

१. चाक : दोरा न लावता चाक हाताने आपल्या बाजूला सावकाश फिरवावे. पूर्ण फेरीत अडखळ नको, खडखड नको. मशीन जाम असेल तर घाबरू नये, बऱ्याचदा आतले तेल सुकून चिकट झालेले असते. पण अशी मशीन ‘जाम’ म्हणूनच विकत घ्यावी, चालू मशीनच्या भावाने नव्हे.

२. सुईचा दांडा : दोन बोटांत धरून पुढे-मागे हलवून पाहावा. स्पष्ट डुगडुगत असेल तर आतली झीज मोठी आहे. हा दोष दुरुस्त करणे खर्चाचे असते.

३. सुईचे भोक : नवी सुई लावून चाक फिरवावे. सुई प्लेटच्या भोकात मधोमध उतरली पाहिजे. भोकाच्या कडेला ओरखडे असतील तर दोरा तिथेच कापला जातो.

४. शटल आणि बॉबिन केस : शटलच्या टोकावर गंज किंवा खरखर नसावी. भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याने उचलून धरावी. केस अलगद लटकली पाहिजे आणि हलका झटका दिल्यावर थोडी खाली आली पाहिजे. आपोआप घसरत असेल तर स्क्रू किंचित आवळावा लागतो, पत्ती झिजली असेल तर केस बदलावी लागते.

५. तडे : बीड वाकत नाही, तडकते. मशीनचे अंग, स्टँडचे पाय आणि पायडलचा जोड उजेडात पाहावा. वेल्डिंग दिसले तर मशीन कधीतरी पडलेली आहे असे समजावे. वरून ताजा जाड रंग असेल तर जास्तच बारकाईने पाहावे.

६. टीप : खरी परीक्षा इथेच. वर एक, खाली दुसऱ्या रंगाचा दोरा लावून दोन पदरी सुती कापडावर हातभर टीप मारावी. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या आत राहिली पाहिजे. खालचा दोरा वर ओढला जात असेल तर वरचे टेन्शन जास्त आहे. खालच्या बाजूला फासे पडत असतील तर वरचे टेन्शन कमी आहे किंवा दोरा चुकीचा ओवला आहे. हे स्क्रूने सुधारते. पण सुई, दोरा आणि टेन्शन बदलूनही टाके सुटत असतील, तर मशीन तिथेच ठेवून यावी. शेवटी जाड तुकड्यावर हीच टीप मारावी.

पट्टा, बॉबिन भरण्याच्या चाकाचे रबर, दात आणि बॉबिन केस हे किरकोळ खर्च आहेत. त्यावरून भाव कमी करून घ्यावा, सौदा मोडू नये. मोटर लावलेली असेल तर वायर आणि प्लग तपासावेत, सोललेली वायर त्याच दिवशी बदलावी.

‘ॲंटिक आहे, लाखाची आहे’ यात तथ्य किती?

फार थोडे. सिंगरने लाखो मशीन विकल्या, त्यामुळे जुनी म्हणजे दुर्मीळ असे नाही. सोनेरी अक्षरांवरही विसंबू नये, तशी स्टिकर नव्याने मिळतात. मशीनच्या बैठकीजवळचा नंबर पाहावा. सिंगरच्या १९०० नंतरच्या मशीनवर आकड्यांआधी इंग्रजी अक्षरे असतात. त्यावरून साल आणि कारखाना शोधता येतो.

जुन्या मशीनमध्ये ‘रेड मर्क्युरी’ नावाचा मौल्यवान पदार्थ असतो, ही तर निव्वळ अफवा. एप्रिल २००९ मध्ये सौदी अरेबियात ती इतकी पसरली की काही मशीनना दोन लाख रियालपर्यंत भाव सांगितला गेला. लोक सुईजवळ मोबाइल नेऊन लाइन तुटते का, ते पाहत होते. असे सांगणारा विक्रेता किंवा ‘मोठा खरेदीदार’ भेटला तर दुरूनच नमस्कार करावा.

व्यवहार कसा करावा?

मशीन समोर चालवून पाहिल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नयेत. ‘बदली झाली आहे, मशीन पाठवतो, आधी थोडे पैसे टाका’ हा ऑनलाइन फसवणुकीचा ठरलेला प्रकार आहे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हेही लक्षात ठेवावे. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. खरेदी करताना साध्या कागदावर मशीनचा नंबर, तारीख, रक्कम आणि विक्रेत्याची सही घ्यावी. मशीन चोरीची निघाली तर हाच कागद उपयोगी पडतो.

जुनीच घ्यावी की नवी?

सांगितलेला भाव, दुरुस्ती आणि वाहतूक यांची बेरीज करावी. ती नव्या साध्या मशीनच्या किमतीजवळ जात असेल तर नवी घेणे शहाणपणाचे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे. पात्र कारागिराला प्रशिक्षणासोबत साहित्यासाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते, पुढे पाच टक्के व्याजाने कर्जही मिळू शकते. मात्र ‘पंतप्रधान मोफत शिलाई मशीन योजना’ नावाने फिरणारे मेसेज खोटे असल्याचे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने अनेकदा स्पष्ट केले आहे. अशा लिंकवर आधार किंवा बँकेची माहिती भरू नये. जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या योजनांची चौकशी थेट कार्यालयातच करावी.

घरी आणल्यावर पहिले काम कोणते?

ब्रशने दातांखालचा कापसाचा भुगा काढावा आणि प्रत्येक तेलाच्या भोकात मशीन तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत. खोबरेल किंवा खाण्याचे तेल अजिबात नको, ते काही दिवसांत चिकट होऊन मशीन जाम करते. तेल दिल्यावर पाच मिनिटे दोऱ्याशिवाय चालवावी, मग जुन्या कापडावर टीप मारून जादा तेल टिपून घ्यावे. गिऱ्हाइकाचे कापड त्यानंतरच सुईखाली घ्यावे. पांढऱ्या शर्टावर तेलाचा एक डाग पडला तरी त्या दिवसाची मजुरी त्यातच जाते.