‘ते’ आणि ‘तो’

तासाभराची मुलाखत कागदावर उतरवायला मला सहा तास लागतात. हेडफोन लावायचा, दोन वाक्यं ऐकायची, थांबवायचं, टाइप करायचं, पुन्हा मागं जायचं. पुण्यात मानसशास्त्रात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी हे काम करते. कधी मुलाखती घेते, बहुतेक वेळा उतरवते. विषय फिरून तोच: लहानपणी घरात जे सोसलं, त्याचं मोठेपणी काय होतं.

या अभ्यासाचं मूळ अमेरिकेतलं. १९९५ ते १९९७ या काळात सॅन डिएगोत १७ हजारांहून अधिक माणसांना बालपणातली मारहाण, घरातली दारू, आईला होणारा छळ याबद्दल विचारलं गेलं. असे अनुभव जितके जास्त, तितकं पुढं नैराश्य, व्यसन, अगदी हृदयविकारही जास्त, असं फेलिटी आणि अँडा यांनी १९९८ मध्ये मांडलं. पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं देशोदेशी चालेल अशी प्रश्नावली केली. मराठी करायची रीत ठरलेली आहे. एकानं भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यायचं, मग दोन्ही ताडून पाहायची.

कागदावर सगळं जुळतं. पर्वतीच्या पायथ्याशी एखाद्या खोलीत बसून विचारलं की गाडी अडते. एका विद्यार्थिनीच्या पहिल्या खर्ड्यात ‘शारीरिक अत्याचार’ असा शब्द होता. ‘छे, तसलं काही नाही आमच्यात,’ असं उत्तर आलं. चहा झाल्यावर त्याच बाई म्हणाल्या, ‘मार काय, सगळ्यांनीच खाल्लाय.’ म्हणून मग शब्द बदलले: थप्पड, लाथ, पट्टा. ‘आघात’ तर मी कुणाच्या तोंडून ऐकलेलाच नाही. लोक धसका घेतात, हाय खातात, एखादी गोष्ट त्यांच्या मनाला लागते.

एकांत हा दुसरा प्रश्न. संमतीपत्रकात ‘खासगीत’ लिहिलेलं असतं आणि सासूबाई शेजारी लसूण सोलत बसलेल्या असतात. मग गच्ची, नाहीतर देवळाचा ओटा. शिवाय सगळं गुप्त राहील, असं सरसकट सांगता येत नाही. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवावंच लागतं. हे आधीच सांगितलं की काही जण तिथंच गप्प होतात.

पुण्याला हे काम नवं नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांच्या मनावर काय परिणाम झाला, याचा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा प्रकल्प पुण्याच्या डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली झाला. भार्गवी दावर यांनी लहानपणी आपल्या आईला मनोरुग्णालयात पाहिलं होतं. पुढं त्यांनी भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन केलं आणि पुण्यात आईच्या नावानं बापू ट्रस्ट उभा केला. किल्लारीच्या धक्क्याला तारीख होती, ३० सप्टेंबर १९९३. घरातल्याला तारीख नसते, म्हणून ‘केव्हा?’ विचारलं की माणसं घुटमळतात.

एक ध्वनिमुद्रण माझ्या डोक्यातून जात नाही. ओळख पटेल असं सगळं वगळून सांगते. पन्नाशीच्या बाई, आवाज खणखणीत. वडिलांना त्या ‘दादा’ म्हणत. ‘दादा आले की चपला दारात काढायचे. आम्ही लगेच पुस्तकं उघडायचो.’ कुकरची शिट्टी. मीही कंसात ‘कुकर’ लिहिलं. ‘मग दादा पट्टा काढायचे.’ इथं त्या हसल्या. मी ‘हसतात’ लिहिलं. बोलताना त्या स्वतःला ‘मी’ म्हणतच नव्हत्या, सगळं ‘आम्ही’. आणि मग: ‘एकदा आईचे केस धरले त्यानं.’

अकरा सेकंद काही नाही. मी घड्याळ लावून मोजले. रस्त्यावरून रिक्षा गेली.

‘त्यांनी,’ बाई म्हणाल्या.

अर्धा तास मारहाणीचं सांगतानाही बापाचा आदरार्थी प्रत्यय सुटला नव्हता. आईच्या केसांपाशी तो एकदा सुटला आणि अकरा सेकंदांत बाईंनी परत उचलून जागेवर ठेवला. आयुष्यभर हेच केलं असणार त्यांनी. हे माझं मत, पुरावा एवढाच.

विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालण्यासाठी या मुलाखतीचं इंग्रजी झालं. ‘त्यानं’ आणि ‘त्यांनी’ दोन्हींसाठी एकच सर्वनाम आलं. बाईंनी स्वतःला दुरुस्त केलेला तो एक शब्द भाषांतरात निरर्थक ठरला म्हणून गाळला गेला. अकरा सेकंदांच्या जागी तीन टिंबं आली. मी समासात लिहिलेली टीप मार्गदर्शकांपर्यंत पोचली की नाही, कळलं नाही.

मराठीत मुलाखती घेणाऱ्या संशोधकांना एवढीच विनंती आहे. प्रबंध खुशाल इंग्रजीत लिहा, पण कोडिंग, म्हणजे मजकुराला अर्थाच्या खुणा लावण्याचं काम, मराठी मजकुरावर करा. आणि भाषांतर झाल्यावर मूळ फाइल पुसू नका.